एका मिलिमीटरचे बावीस हजार टँकर

दुष्काळ मोजायची आपली भाषा टँकरची. तर अरबस्तानचं वाळवंटही टँकरनेच मोजू. एक चौरस किलोमीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे शंभर टँकर. दुबईच्या वाळवंट संरक्षित क्षेत्राचा पसारा २२५ चौरस किलोमीटर, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दुपटीहून मोठा. वाळू जेमतेम भिजवणारा एक मिलिमीटर पाऊस तिथे २२,५०० टँकर ओतून जातो.

संयुक्त अरब अमिरातीत वर्षाला सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या दराने त्या एका क्षेत्राच्या वाट्याला साडेबावीस लाख टँकर येतात. तरीही ते वाळवंटच, कारण तिथलं ऊन आणि वारा वर्षभरात उघड्या पाण्याचा दोन मीटरहून जाड थर उडवू शकतात. आभाळ एक टँकर देतं आणि वीस परत मागतं.

त्यात ही सरासरी फसवी. १६ एप्रिल २०२४ रोजी अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे २४ तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस कोसळला. १९४९ पासूनच्या देशाच्या नोंदींतला हा सर्वांत मोठा पाऊस असल्याचं सांगितलं गेलं. मुंबईकर म्हणतील, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला होता! खरं आहे. पण तो मुंबईच्या वर्षभराच्या पावसाच्या निम्माही नव्हता. अमिरातीतला मात्र देशाच्या अडीच वर्षांच्या सरासरीएवढा.

अंदाज बांधणाऱ्याची पंचाईत इथेच. आपला मान्सून चार महिने मुक्कामाला येतो. तिथला पाऊस मुख्यतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून येणाऱ्या मोजक्या वादळी प्रणालींतून पडतो. त्यातल्या दोन हुकल्या की वर्ष कोरडं, एक जास्त आली की पूर. वादळ चार दिवस आधी नकाशावर दिसतं. पुढच्या हिवाळ्यात किती येतील हे सांगणं फार अवघड.

एक धागा तेवढा हाती आहे, आणि तो आपल्यालाही बांधलेला आहे: एल निनो. त्याच्या नावाने मराठवाड्याच्या पोटात गोळा येतो. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला आणि त्या ऑक्टोबरअखेर महाराष्ट्राने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. तोच एल निनो अरबस्तानात सहसा पाऊस वाढवतो; एप्रिलच्या त्या पुरामागेही अभ्यासकांना त्याचा हात दिसला. पॅसिफिकचं पाणी तापलं की आपली विहीर आटते आणि त्यांचा वाळूचा ओढा वाहतो.

आपल्याकडे वर्षानुवर्षं पैसेवारी पन्नासच्या खाली गेली की दुष्काळ मानला जायचा. वाळवंटाची पैसेवारी कशी लावायची? तिथे 'सामान्य वर्ष' नावाचं वर्षच क्वचित उगवतं. म्हणून संरक्षित क्षेत्रात वर्षाच्या बेरजेइतकंच दोन पावसांमधलं अंतर महत्त्वाचं. गवताचं बी वाळूत वाट पाहत राहतं. अरबी ओरिक्स ओल्या पाल्यावर दीर्घकाळ पाण्यावाचून तग धरतो. १९७२ मध्ये शिकारीमुळे मोकळ्या रानातून नाहीसा झालेला हा प्राणी तिथे आज पुन्हा कळपाने चरतो.

आणि त्याला सावली देणारा 'गाफ', अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष? ती आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, ती तिथे सरासरीवर विसंबत नाही. मुळं खोल, पार खोल सोडून मागच्या पावसाची ओल शोधत उभी राहते.