सौर पंपातील अर्थ फॉल्ट कसा शोधावा?

पेण व रोहा तालुक्यांत पावसाळा जोराचा असतो आणि खाडीलगतच्या खारपट्ट्यात हवेत क्षारांचा अंशही असतो. ओलावा व क्षार यांमुळे तारांचे वेष्टन व जोड कमकुवत होतात. म्हणून सौर पंप असलेल्या शेतकरी बंधूंनी पुढील गोष्ट नीट समजून घ्यावी.

महावितरणच्या रोहित्राचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेला असतो. सौर पंपाच्या पॅनेलांचा सांगाडा जमिनीस जोडतात; परंतु त्यांच्या धन व ऋण तारा बहुधा जमिनीपासून अलग ठेवलेल्या असतात. त्यामुळे एखादी तार सांगाड्यास टेकली तरी प्रवाहास परतीचा मार्ग मिळत नाही व पंप चालूच राहू शकतो. धोका येथेच आहे. अशा वेळी दुसऱ्या तारेचा उघडा भाग हाती लागल्यास प्राणघातक धक्का बसतो. दुसरीकडेही वेष्टन फाटल्यास ठिणग्या पडून आग लागते. पॅनेलचा शॉर्ट सर्किट प्रवाह नेहमीच्या प्रवाहाहून थोडाच अधिक असल्याने फ्यूज उडेलच, असेही नाही.

दोषाची जागा मोजमापाने सापडते. कंट्रोलर व डीसी स्विच बंद करून तंत्रज्ञाने पॅनेलांची प्रत्येक माळ अलग करावी. मग योग्य क्षमतेच्या मल्टिमीटरने धन तार ते जमीन व ऋण तार ते जमीन असा दाब मोजावा. माळ निर्दोष असल्यास आकडा स्थिर न राहता शून्याकडे उतरतो.

समजा, प्रत्येकी 40 व्होल्टची 10 पॅनेले आहेत. एकूण दाब 400 व्होल्ट. धन बाजूस 120 व ऋण बाजूस 280 व्होल्ट स्थिर दिसले, तर 120 भागिले 40 म्हणजे 3. अर्थात धन टोकाकडून तिसऱ्या व चौथ्या पॅनेलमधील जोड तपासावा. धन बाजूस शून्य आल्यास दोष धन तारेत, ऋण बाजूस शून्य आल्यास ऋण तारेत समजावा. दुरुस्तीनंतर मोजमाप पुन्हा घ्यावे. माळा निर्दोष ठरल्यास मोटार व तिची केबल कंट्रोलरपासून सोडवून मेगरने तपासावी.

स्विच बंद केला तरी उन्हात पॅनेलांतील दाब कायम असतो. म्हणून हे काम शेतकऱ्याने स्वतः करू नये. कंट्रोलरवर अर्थ फॉल्टची सूचना दिसताच पंप बंद करावा, सांगाड्यास हात लावू नये व पुरवठादाराच्या तंत्रज्ञास बोलवावे. ग्रामकार्यकर्त्यांनी मृगापूर्वी गावातील प्रत्येक सौर पंपाची पाहणी करावी. जमिनीवर लोंबणारे जोड वर बांधून घेण्यास व उंदरांनी कुरतडलेल्या तारा बदलून घेण्यास सांगावे. पंप चालतो आहे, एवढ्यावरून तो सुरक्षित आहे असे मानू नये.