बारा बटणे आणि मराठीची अक्षरे : भ्रमणध्वनीवरील लेखनाचा भाषिक विचार

१. विषयाची मांडणी

लेखनाचे साधन बदलले की लेखनही काही अंशी बदलते. बोरू, छापखान्यातील खिळा आणि टंकयंत्र यांच्या संदर्भात हा मुद्दा मराठीत पूर्वीपासून चर्चिला गेला आहे. त्याच मालिकेत अंकांची बारा बटणे असलेला भ्रमणध्वनी-संच येतो. भारतात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. त्यानंतरच्या दीड-दोन दशकांत निरोप, चौकशी, शुभेच्छा, रुसवा, क्वचित चार ओळींची कविता असे मराठी भाषकांचे कितीतरी दैनंदिन लेखन या बारा बटणांवर झाले. शाळा सुटल्यावर ज्यांनी हाती लेखणी धरली नव्हती, अशांनीही ते केले. हे लेखन मराठीच्या लिखित व्यवहाराचा भाग मानावयाचे असेल, तर ते कोणत्या बंधनांतून निर्माण झाले हे समजून घेणे क्रमप्राप्त ठरते.

प्रस्तुत लेखात या बंधनांचे स्वरूप स्पष्ट करावयाचे आहे. उदाहरणे शक्य तो पालघर आणि बोईसर-तारापूर या पट्ट्यातील घेतली आहेत. किनारा, डोंगर, आदिवासी पाडे आणि औद्योगिक वसाहत ही सर्व येथे एकमेकांच्या निकट आहेत. शिवाय येथील स्थलनामांतच मराठी लेखनाचे नेमके प्रश्न सामावलेले आहेत.

२. टंकयंत्राचा पूर्वानुभव

थोड्या बटणांत देवनागरी कशी बसवावी हा प्रश्न नवा नाही. टंकयंत्राच्या व छपाईच्या सोयीसाठी स्वा. सावरकर, काका कालेलकर आदींनी ‘अ’ची बाराखडी पुरस्कारली. इ, ई, उ, ऊ यांची स्वतंत्र चिन्हे काढून टाकून ‘अ’लाच वेलांटी व उकार द्यावा, असे तिचे स्वरूप होते. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून उजवीकडे आणण्याची शिफारस केली. ती रूढ झाली नाही. या सर्व प्रयत्नांमागे एक समान भूमिका दिसते. यंत्र देवनागरीला सामावून घेत नसेल, तर देवनागरीला थोडी मुरड घालावी. परंतु लिहावयाचे ते देवनागरीतच.

बारा बटणांच्या संचाने ही भूमिकाच निरर्थक केली. येथे लिपी सुधारण्याची चर्चा झाली नाही, समिती नेमली गेली नाही. लिहिणाऱ्याने निमूटपणे देवनागरी बाजूला ठेवली आणि मराठी रोमी अक्षरांत लिहावयास प्रारंभ केला. हे का घडले, याची कारणे साधनाच्या रचनेत शोधावी लागतात.

३. रोमी अक्षरांची वाटणी

संचावर शून्य ते नऊ हे अंक आणि दोन चिन्हे अशी बारा बटणे असतात. रोमी लिपीची २६ अक्षरे यांपैकी २ ते ९ या आठ बटणांवर वाटलेली आहेत. २ वर ए-बी-सी, ६ वर एम-एन-ओ, ७ वर पी-क्यू-आर-एस, अशी ती वाटणी आहे. बटणावरील पहिल्या अक्षरासाठी ते एकदा, दुसऱ्यासाठी दोनदा, चौथ्यासाठी चारदा दाबावयाचे, ही मूळ पद्धत होय.

ही दाबादाब कमी व्हावी म्हणून १९९० नंतरच्या दशकात ‘टी-नाइन’ ही पद्धत आली. तीत प्रत्येक अक्षरासाठी बटण एकदाच दाबावयाचे असते. एका बटणावरील तीन-चार अक्षरांपैकी कोणते अभिप्रेत आहे, हे संचातील शब्दकोश ठरवतो.

बोईसर-तारापूर औद्योगिक पट्ट्यातील पाम या गावाचे नाव या पद्धतीने लिहून पाहावे. पी-ए-एम यांसाठी ७-२-६ ही बटणे दाबावी लागतात. परंतु ‘राम’, ‘पान’ आणि ‘रान’ हे शब्दही रोमीत लिहिताना हीच तीन बटणे दाबली जातात. गाव, देव, पान आणि रान यांचा अंकसंकेत एकच. तीच गत ‘पाणी’ आणि ‘राणी’ यांची. दोहोंचा संकेत ७-२-६-४.

निवड शब्दकोशावर सोपवलेली आणि शब्दकोश इंग्रजीचा, तेव्हा परिणाम आणखी विपरीत होतो. ‘आई’साठी २-२-४ दाबले असता इंग्रजी शब्दकोश ‘बॅग’ हा शब्द पुढे करतो. ‘बाई’चा संकेतही हाच. ‘आहे’ या क्रियापदासाठी २-२-४-३ दाबावे, तर वेदना या अर्थाचा इंग्रजी शब्द उमटतो. मराठी लिहिणाऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात : शब्दकोश बंद करून प्रत्येक अक्षर मोजून दाबणे किंवा शक्य तेथे इंग्रजी शब्द योजणे. या काळातील संदेशांत इंग्रजी शब्द दिसले की आपण ते भाषासंकराचे किंवा प्रतिष्ठेच्या ओढीचे लक्षण मानतो. काही ठिकाणी ते बोटांचे श्रम वाचवण्याचेही लक्षण असू शकते, हे विसरता कामा नये.

४. देवनागरीचा घटक कोणता ?

देवनागरीची सोय असलेले संच पुढे मिळू लागले. भारतीय ग्राहक नजरेसमोर ठेवून २००३ मध्ये आलेल्या ‘नोकिया ११००’ या संचाची जगभरातील विक्री सुमारे २५ कोटींवर गेली, यावरून साध्या बटणांच्या संचाचा प्रसार किती होता हे ध्यानात यावे. तथापि, देवनागरीची सोय असणे आणि ती सुलभ असणे यांत अंतर होते.

या अंतराचे पहिले कारण घटकाच्या कल्पनेत आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने ‘स्त्री’ हे एक अक्षर आहे. यंत्राच्या दृष्टीने ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशा सहा संकेतांची माळ आहे. ‘महाराष्ट्र’ या शब्दात आपण चार अक्षरे मोजतो. यंत्र दहा संकेत मोजते. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली प्रमाणित झालेली ‘इस्की’ आणि त्याच वर्षी प्रथम प्रसिद्ध झालेली ‘युनिकोड’ या दोन्ही संकेतपद्धतींत हेच तत्त्व आहे. संगणकाच्या मोठ्या कळफलकावर ते जाचक होत नाही. बारा बटणांवर मात्र जोडाक्षराच्या प्रत्येक सांध्यापाशी हलन्ताचे बटण शोधावे लागते. ज्या लेखनात जोडाक्षरे अधिक, ते लेखन अधिक कष्टाचे. म्हणजेच तत्सम शब्दांची किंमत तद्भव शब्दांहून अधिक.

दुसरे कारण अधिक लक्षणीय आहे. बटणांवर देवनागरी बसवताना वर्णमालेचा क्रम पाळणे स्वाभाविक वाटते : एका बटणावर क-वर्ग, दुसऱ्यावर च-वर्ग, याप्रमाणे. प्रत्यक्ष मांडणी संचागणिक बदलत असली, तरी वर्गवार मांडणी गृहीत धरून हिशेब करता येतो. वर्णमालेचा क्रम उच्चारस्थान व प्रयत्न यांवर आधारलेला असून त्यात अनुनासिक वर्ण वर्गाच्या शेवटी येतो. मराठीत न, म आणि ण हे अतिशय वारंवार येणारे वर्ण आहेत. वर्गवार मांडणीत त्यांपैकी प्रत्येकासाठी बटण पाच वेळा दाबावे लागते. ‘नमन’ हा एकही काना-मात्रा नसलेला शब्द. त्यासाठी १५ वेळा बटण दाबावे लागते, तर रोमीत सात वेळा. ‘पाम’साठी काना स्वतंत्र बटणावर मिळाला असे मानले, तरी देवनागरीत सात आणि रोमीत तीन दाब पडतात. ज्या शास्त्रशुद्ध क्रमाचा आपण यथार्थ अभिमान बाळगतो, तो शिकण्यासाठी उत्तम आहे; वापराच्या वारंवारतेशी त्याचा संबंध नाही. अर्थात येथे दोष वर्णमालेचा नसून, तिचा क्रम जसाच्या तसा बटणांवर उतरवणाऱ्या रचनेचा आहे.

५. एकशे साठ आणि सत्तर

एका लघुसंदेशात १४० अष्टके, म्हणजे ११२० द्विमान अंक, मावतात. रोमीतील प्रत्येक चिन्हास सात अंक लागत असल्याने १६० चिन्हे बसतात. देवनागरी चिन्हास सोळा अंक लागत असल्याने तीच मर्यादा ७० वर येते. या ७० मध्ये प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगळा मोजला जातो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. देवनागरी लेखन लांबते म्हणून संदेश महाग पडतो, असे सर्रास मानले जाई. वस्तुतः ‘महाराष्ट्र’ रोमीत लिहिण्यास अकरा अक्षरे लागतात आणि देवनागरीत दहा संकेत. देवनागरी लांब नाही. तिला दिलेले पात्र निम्म्याहून लहान आहे. मर्यादा ओलांडली की एका संदेशाचे दोन होतात आणि जेथे दर संदेशामागे आकार पडे, तेथे देवनागरी लिहिणाऱ्यास दुप्पट पैसे मोजावे लागत. महिन्याच्या खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या कामगाराने रोमीकडे वळणे हा भाषेविषयीच्या अनास्थेचा पुरावा ठरत नाही.

६. ळ, ण आणि ऱ

रोमीकडे वळल्यामुळे काय हरवले, हे पश्चिम रेल्वेवरील स्थानकांच्या नावांवरून पाहता येते. ‘केळवे’ रोमीत लिहिले की ‘ळ’ जातो आणि ते ‘केलवे’पासून वेगळे ओळखता येत नाही. ‘डहाणू’तील ड, ण आणि दीर्घ उकार तिन्ही अनिश्चित होतात. ‘वाणगाव’ हे ‘वनगाव’ही वाचता येते. ‘वाडा’ हे तालुक्याचे नाव, ‘वडा’ हा खाद्यपदार्थ आणि ‘वादा’ हा शब्द, या तिन्हींना व्ही-ए-डी-ए एवढेच रूप उरते. स्थानिक वाचकाला संदर्भाने अर्थ कळतो. पन्नास वर्षांनंतरच्या वाचकाला तो कळेलच असे नाही.

देवनागरी वापरली तरी प्रश्न सुटतोच असे नाही. केवळ हिंदीचा विचार करून योजलेल्या मांडणीत ळ आणि ऱ यांची निकड भासत नाही. ऱ नसेल, तर र, हलन्त आणि य यांच्या जोडणीतून रफार उमटतो. मग जव्हार-मोखाड्याच्या ‘दऱ्या’ आणि सातपाटीचा ‘दर्या’ एकच होतात. ‘आचाऱ्यांना’ दिलेला निरोप ‘आचार्यांना’ जातो. ‘वारा’ या शब्दाचे सामान्यरूप आणि ‘ऱ्हस्व’ ही व्याकरणाची संज्ञादेखील अडून बसते. मराठीसाठी आवश्यक असलेला ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत म्हणून २००८ मध्ये आला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

भारतीय मानक ब्युरोच्या २०१६ च्या आय.एस. १६३३३ (भाग ३) या मानकाने इंग्रजी, हिंदी आणि आणखी एका भारतीय भाषेत लेखनाची सोय भ्रमणध्वनीवर अपेक्षिली. तोवर काचेवर बोट फिरवून लिहिण्याचे संच सर्वत्र पसरले होते आणि रोमी लेखनाची सवय दृढ झाली होती. आज रोमीत लिहिले असता देवनागरी रूप सुचवणारी साधने उपलब्ध आहेत. ७-२-६ चाच प्रश्न तेथे नव्या वेषात उभा राहतो : अनेक शक्यतांतून एक रूप यंत्र निवडते आणि घाईतील लेखक ते स्वीकारतो.

७. बोलींचा प्रश्न

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्यात वारली, कोकणा, मांगेली, वाडवळी, सामवेदी अशा बोली नांदतात. या बोलींचे लेखन शाळेत शिकवले जात नाही. घरच्या बोलीत घरच्या माणसाला लिहिलेला पहिला मजकूर भ्रमणध्वनीवरील निरोपच असावा, अशी शक्यता अनेक कुटुंबांच्या बाबतीत आहे. येथे रोमी अक्षरांचा एक लाभही संभवतो. प्रमाण मराठीच्या शुद्धलेखनाचे दडपण रोमीत नसते. जसे बोलले जाते तसे लिहिण्यास मोकळीक मिळते.

याउलट शब्द सुचवणारी यंत्रणा साठवलेल्या शब्दांतूनच निवड करते आणि हा साठा मुख्यत्वे प्रमाण भाषेचा असतो. बोलीतील रूप त्यात नसेल, तर त्याच्या जवळचे प्रमाण रूप पुढे येते. लेखकाच्या नकळत, एकेका शब्दाने, बोलीचा मजकूर प्रमाण मराठीकडे सरकतो. पूर्वी हे काम संपादकाची लेखणी करीत असे आणि निदान हस्तलिखिताशी ताडून ते पकडता येई. येथे यंत्राने बदललेल्या शब्दाच्या आधीचे रूप कोठेच शिल्लक राहत नाही.

८. अभ्यासकांसाठी काही सूचना

वरील विवेचनावरून पाठाभ्यासाच्या दृष्टीने चार गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, रोमीत लिहिलेला मराठी मजकूर मूळ रूपातच नोंदवावा. देवनागरी रूप हे संपादकाचे वाचन म्हणून शेजारी द्यावे, मूळ पाठ म्हणून नव्हे. दुसरी, संचाचा प्रकार आणि लेखनाची पद्धत यांची नोंद ठेवावी. शब्दकोशाच्या साह्याने लिहिलेल्या पाठातील चुका आणि अक्षरे मोजून लिहिलेल्या पाठातील चुका भिन्न स्वरूपाच्या असतात. ‘आई’च्या जागी ‘बॅग’ दिसली, तर ती लेखकाची नव्हे, शब्दकोशाची चूक होय. तिसरी, बोलीतील मजकुराचे वाचन लिहिणाऱ्याकडून किंवा त्या बोलीच्या भाषकाकडून करवून घ्यावे. चौथी, संगणकीय शोध घेताना ‘ऱ्य’ दोन प्रकारे संकेतबद्ध होतो हे ध्यानात ठेवावे. एका प्रकारात ‘ऱ’ हा स्वतंत्र संकेत असतो, दुसऱ्यात ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला नाही.

जुन्या संचांची स्मरणक्षमता तोकडी होती. नवा निरोप येण्यासाठी जुना पुसावा लागे आणि त्यामुळे या लेखनाचा फार मोठा भाग नष्ट झाला आहे. जो कोणाच्या कपाटातील बंद पडलेल्या संचात उरला असेल, तो संबंधितांच्या संमतीने उतरवून घेण्यास आता फार अवधी नाही. महाविद्यालयीन विभागांना, विशेषतः बोलीभाषक विद्यार्थी असलेल्या विभागांना, हे काम आपल्या परिसरापुरते हाती घेता येण्यासारखे आहे.