ऊब गोधडीत ठेवा, शेगडी दाराबाहेर

दीक्षाभूमीवरची गर्दी ओसरते, पावसाची शेवटची सर पडून जाते आणि महिन्याभरात नागपूरकडच्या वस्त्यांमध्ये चौकाचौकात शेकोट्या पेटू लागतात. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला गेलेली मंडळी गाडीतून उतरतात, तोवर थंडीने बस्तान मांडलेले असते. विदर्भ म्हटले की लोकांना उन्हाळाच आठवतो. पण २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. स्लॅबच्या घरात दार लावून, जाड पांघरूण घेऊन अशी रात्र निघून जाते. टिनाच्या एका खोलीत सहा माणसे फरशीवर झोपतात, तिथे तीच रात्र फार मोठी होते.

मागच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका घरी सून बाळंत होऊन दवाखान्यातून आली. दहा बाय दहाची खोली. बाळाला गारठा लागू नये म्हणून आजीने खिडकीत पोते कोंबले, दाराच्या फटीत चिंध्या घातल्या आणि बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली. कोळसा लालबुंद होता, धूर अजिबात नव्हता. मध्यरात्री सुनेचे डोके ठणकू लागले, उलटी झाली. आजीलाही गरगरू लागले. बाळ दूध ओढेना. कुणी म्हणाले नजर लागली, कुणी म्हणाले बाळंतवारा. तेवढ्यात शेजारची आशाताई धावत आली. तिने आधी दार सताड उघडले, तिघांना अंगणात आणले आणि १०८ ला फोन केला. तिघेही वाचले. आजी नंतर आम्हाला म्हणाली, "धूर तं नव्हता ना बाई, मंग कायनं झालं?"

आजीचा हा प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचे उत्तर प्रत्येक घराला माहीत असले पाहिजे. म्हणून या वेळचे आरोग्य पान त्यासाठीच.

शेगडीतून काय निघते?

कोळसा, लाकूड, गोवऱ्या, पऱ्हाट्या, काहीही जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे झोंबत नाहीत. धुराने निदान खोकला येतो, माणूस जागा होतो. हा वायू झोपलेल्याला उठवत नाही. लाल निखाऱ्यांतून, राख धरलेल्या विस्तवातूनही तो निघत राहतो. "धूर नाही म्हणजे धोका नाही" ही समजूत म्हणूनच जिवावर बेतते.

आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन श्वासातला प्राणवायू अंगभर पोहोचवते. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो. मग रक्त फिरते, पण प्राणवायू नेत नाही. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, हातापायातले बळ जाते, काही सुचत नाही. पुढे शुद्ध हरपते. गरोदर बाई, पोटातले बाळ, तान्हे मूल, म्हातारे माणूस आणि हृदयाचा रोगी यांना धोका जास्त.

एक खूण लक्षात ठेवा. विस्तव असलेल्या खोलीत एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर ती बाहेरची बाधा नव्हे, हा वायू आहे. दार-खिडकी उघडा, माणसांना बाहेर आणा, १०८ ला फोन करा. बरे वाटले तरी दवाखान्यात जाच आणि डॉक्टरांना "बंद खोलीत शेगडी होती" असे स्पष्ट सांगा. कोरोनाच्या काळात घेतलेले, बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र इथे फसवते. शरीरात विष भिनलेले असतानाही ते चांगला आकडा दाखवू शकते.

टिनाखाली इतके का गारठते?

टिनाचा पत्रा पातळ असतो. दिवसा पटकन तापतो, रात्री तितक्याच पटकन थंड होतो. मोकळ्या आभाळाखाली तो बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. आपल्या श्वासाची वाफ त्याला लागून थेंब होतात आणि पहाटे अंथरुणावर टपकतात. ओले पांघरूण ऊब धरत नाही. खालून फरशीही अंगातली ऊब ओढून घेते. वरच्या पांघरुणापेक्षा खालचे अंथरूण महत्त्वाचे ते यासाठी.

ऊब धरून ठेवते ती अडकलेली हवा. म्हणून एका जाड चादरीपेक्षा दोन पातळ चादरी जास्त उबदार. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक घालून शिवलेली आपल्या आयांची गोधडी हेच करते. प्रत्येक थरात थोडी हवा कोंडलेली असते. घरालाही तशीच गोधडी घालायची आहे.

घर कसे तयार करायचे?

छतापासून सुरुवात करा. टिनाच्या खाली वीतभर जागा सोडून बांबूचे तट्टे किंवा धुतलेली, एकमेकांना शिवलेली पोती ताणून बांधा. पत्रा आणि तट्टा यांच्यामधली हवा थंडी अडवते, टपकणारे थेंबही पोत्यात जिरतात. चूल असेल त्या बाजूला मात्र हे लावू नका. थर्माकोल लावायचा मोह होतो, पण तो भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. घरात चूल, दिवा, मेणबत्ती असेल तर थर्माकोल नकोच.

थंड वारा बहुतेक उत्तरेकडून येतो. त्या बाजूच्या भिंतीतली भोके मातीने किंवा सिमेंटने बुजवा. दाराच्या खालच्या फटीला जुन्या पँटच्या पायात वाळू भरून केलेली लांब गुंडाळी लावा. दाराच्या आत जाड चादरीचा पडदा टांगा.

पण सगळ्या फटी बुजवू नका. आम्ही सोपा नियम सांगतो: अंथरुणाच्या उंचीची फट वाऱ्याची, ती बंद करा. डोक्याच्या वरची फट श्वासाची, ती उघडी ठेवा. वाऱ्याच्या उलट बाजूला, छताजवळ, निदान एक वीत लांब-रुंद जागा रात्रभर मोकळी असू द्या. त्याने खोली फारशी गारठत नाही, वाफ निघून जाते आणि घरात कुणाला क्षयरोग किंवा सर्दी-खोकला असेल तर इतरांना लागण होण्याचा धोकाही कमी होतो.

अंथरुणाखाली आधी प्लॅस्टिक किंवा ताडपत्री, त्यावर खोक्याचे पुठ्ठे, त्यावर पोती, मग सतरंजी आणि गोधडी. धानाच्या पट्ट्यात तणस मिळते. ते कोरडे करून पोत्यात भरले की उत्तम गादी होते. दर दोन-तीन दिवसांनी सगळे उन्हात टाका. दुपारचे ऊन घरात घ्या आणि ऊन उतरायच्या आत दार-खिडकी लावा.

शेगडी, शेकोटी, निखाऱ्याचे घमेले रात्री घरात आणू नका. विझत आलेले असले तरी नाही. अंगणात शेका, पाणी तापवा, ऊब घेऊन आत या. घरातच चूल पेटवावी लागत असेल तर स्वयंपाक होईपर्यंत दार उघडे ठेवा आणि झोपण्यापूर्वी निखारे बाहेर नेऊन माती टाकून पूर्ण विझवा. शेकताना नायलॉनच्या साडीचा पदर आणि लहान मुले यांच्याकडे लक्ष असू द्या.

बाळंतीण आणि बाळ

बाजेखाली शेगडी आणि ओव्याची धुरी ही जुनी रीत मायेपोटीच आली. पण बाळाची फुप्फुसे कोवळी असतात, धूर त्यांना सोसत नाही. बाळाला सर्वांत चांगली ऊब आईच्या अंगाची. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट घालून आईच्या उघड्या छातीशी उभे धरायचे आणि दोघांना मिळून एक पांघरूण गुंडाळायचे. याला कांगारू मातृसेवा म्हणतात. आई थकली तर बाप, आजी, मावशी, कुणीही हे करू शकते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला तर हेच औषध. बाळाला आंघोळीची घाई करू नका. डॉक्टरांनी सांगितल्यावर, दुपारी, कोमट पाण्याने आणि लगेच कोरडे करून. झोपताना तोंडावर पांघरूण येऊ देऊ नका.

दिवसातून तीन-चार वेळा हाताच्या मागच्या बाजूने बाळाचे पोट आणि तळपाय पाहा. दोन्ही उबदार, तर ठीक. पोट उबदार पण पाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार, किंवा बाळ सुस्त आहे, दूध ओढत नाही, श्वास घेताना छाती आत खेचली जाते, तर उजाडायची वाट पाहू नका.

आईची कंबर दुखत असेल तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून शेका. काम तेच होते, विस्तव लागत नाही.

घरात सिकलसेल असेल तर

विदर्भात आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासी समाजात सिकलसेल जास्त आढळतो. तो आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार आहे, कुणाच्या पापाचे फळ नव्हे. नागपूरचे संपत रामटेके यांनी या रुग्णांसाठी आयुष्य वेचले, त्यांना २०१८ साली पद्मश्री जाहीर झाली. २०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. पण थंडीच्या रात्री रुग्णाला जपायचे काम घरालाच करावे लागते.

थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. एरवी गोल, लवचीक असणाऱ्या रक्तपेशी या आजारात विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. आकसलेल्या वाहिनीत त्या अडकतात. तिथे प्राणवायू पोहोचत नाही आणि हाडे फोडल्यासारख्या वेदना सुरू होतात. हिवाळ्यात तहान लागत नाही, पाणी कमी प्यायले जाते, त्यानेही हा त्रास वाढतो.

म्हणून घरातली सर्वांत उबदार जागा त्या मुलाला द्या. आंघोळ गरम पाण्याने, दार लावून, लगेच अंग पुसून. पहाटे शाळेला किंवा गाडीवर पाठवताना कानटोपी, मोजे, स्वेटर हवेतच. दिवसातून आठ-दहा पेले पाणी प्यायला लावा, कोमट असले की मूल पिते. फॉलिक अॅसिड, हायड्रॉक्सियुरिया अशा सुरू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. दुखऱ्या जागी बर्फ कधीच लावू नका, कोमट शेक द्या. आणि ताप आला, श्वासाला त्रास झाला, छातीत दुखले, मूल पांढरेफटक पडले, तर लगेच दवाखाना गाठा. या मुलांचा ताप घरी अंगावर काढायचा नसतो.

घरातली मोठी माणसे

थंडीत रक्तदाब वाढतो. पहाटे अंथरुणातून एकदम उठून गार पाण्यात हात घालणे आजी-आजोबांना महागात पडते. जागे झाल्यावर जरा बसावे, अंगात स्वेटर चढवावा, मग उठावे. रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नयेत. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, तर एक मिनिटही न दवडता १०८. "थंडीसाठी थोडी घेतो" म्हणणाऱ्यांना सांगा की दारूने अंग गरम वाटते, पण आतली ऊब बाहेर निघून जाते. मधुमेह असलेल्यांच्या पायाला चटका कळत नाही. त्यांनी शेकोटीपासून पाय लांब ठेवावेत.

पाणी तापवायच्या विजेच्या रॉडने दर हिवाळ्यात माणसे दगावतात. आधी रॉड पाण्यात, मग बटण चालू. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद आणि प्लग काढलेला. लोखंडी बादली नको, मुले जवळ नकोत. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात बसवू नका, त्यातूनही तोच बिनवासाचा वायू निघतो.

येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा वंदनेनंतर दहा मिनिटे यासाठी काढा. वस्तीत कोणत्या घरी तान्हे बाळ आहे, कुणाकडे सिकलसेलचे मूल आहे, कोणती म्हातारी एकटी राहते, याची यादी करा. जास्तीच्या गोधड्या, पोती, तट्टे तिथे आधी पोहोचवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना हे पान वाचून दाखवा.

त्या घरची आजी यंदाही अंगणात शेगडी पेटवते. नातू आता चालू लागला आहे. निजायची वेळ झाली की ती निखाऱ्यांवर माती टाकते, आत येते आणि छताजवळची फट उघडी आहे ना, हे आधी बघते.