रॅक वाजतो का?

जड, महागडा रॅक घेतला की बास ‘घट्ट’ होतो आणि आवाज ‘मोकळा’ होतो, असं ऑडिओच्या दुकानात छातीठोकपणे सांगतात. उलट बाजूला, रॅक म्हणजे निव्वळ फर्निचर, त्याने काडीचाही फरक पडत नाही, असं ठणकावणारे असतात. दोघांच्याही बोलण्यात, रॅकवर ठेवलंय काय, हा प्रश्नच येत नाही. फळी हलते, एवढंच तिचं कर्तृत्व. तिच्यावरचं यंत्र त्या हालचालीची वीज करत असेल तरच ती स्पीकरमधून ऐकू येते.

टर्नटेबलचं तर कामच कंपनांची वीज करण्याचं. एलपीच्या खाचेतली सर्वांत बारीक वळणं एका मायक्रॉनहूनही लहान असतात, आणि हेलकावा खाचेतून आला की फळीखालून, हे सुईला कळत नाही. शिवाय तबकडी कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात. वाजवताना फोनो प्रीअ‍ॅम्प्लिफायर ते पुन्हा उचलतो, २० हर्ट्‌झचा संदेश १००० हर्ट्‌झच्या तुलनेत सुमारे नऊपट. पावलांचा दणका, स्पीकरची धमधम, सगळं या खालच्या पट्ट्यातलंच. स्पीकर फळीला हलवतो, फळी सुईला, सुई पुन्हा स्पीकरला. आवाज चढवला की हे चक्र घुमायला लागतं. संशोधक एडगर व्हिल्चर यांनी एआर कंपनीच्या १९६१ च्या टर्नटेबलात तबकडी आणि टोनआर्म एकाच स्प्रिंगवरच्या चौकटीवर तरंगते ठेवले, ते यासाठीच. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरलाही थोडी ही खोड असते: आतली जाळी थरथरली की टिचकीसुद्धा स्पीकरमधून किणकिणते.

सीडी प्लेयर, डॅक (आकड्यांचा पुन्हा विजेचा संदेश करणारं यंत्र) किंवा ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल मात्र हाच दावा पांगळा पडतो. सीडीवरचे आकडे चुकीचे वाचले गेले तरी ते दुरुस्त करण्याची सोय १९८२ पासून त्या पद्धतीतच आहे, आणि वाचलेली माहिती आधी स्मृतीत साठून मग घड्याळाच्या ठेक्यावर बाहेर पडते. यावर जाणकार आक्षेप घेतात: ते घड्याळ क्वार्ट्‌झचं, ते धक्क्याने डळमळतं, काही सिरॅमिक कपॅसिटरही दाबाने वीज निर्माण करतात. दोन्ही खरं आहे. पण घरातल्या फळीच्या थरथरीने क्वार्ट्‌झची गती बदलते ती अब्जांशाच्या हिशेबात, आणि कपॅसिटरची खोड चांगला डिझायनर संदेशाच्या वाटेवर दुसरा प्रकार वापरून टाळतो. मोजता येणं आणि ऐकू येणं यांत बरंच अंतर आहे.

तरीही रॅक बदलल्यावर फरक ऐकू आला असं सांगणारे खोटं बोलत नसतात. रॅक बदलताना सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या जातात, गंजलेले सांधे घासून साफ होतात, आवाजाची पातळी किंचित हलते. आणि किंचित मोठा आवाज कानाला ‘चांगला’ वाटतो. यंत्रांच्या जागाही बदलतात. अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर टर्नटेबलच्या कार्ट्रिजजवळून हलला तर गुणगुण खरोखर कमी होते. ती चुंबकीय क्षेत्राची करामत; श्रेय मात्र लाकडाला मिळतं.

रॅकच्या अणकुचीदार पायांचं तर नवलच. ते कंपनं ‘खाली सोडतात, वर येऊ देत नाहीत’ म्हणे. धातूचा खिळा असा एकमार्गी दरवाजा नसतो. रबर किंवा स्प्रिंग कंपनं अडवते, पण स्वतःच्या नैसर्गिक कंपनसंख्येच्या साधारण १.४ पटीच्या वरच. त्या संख्येवर ती उलट वाढवते. म्हणून वजनाशी न जुळणारे मऊ पाय टर्नटेबलला अपायच करतात. आणि यातले पुष्कळ सल्ले विलायतेतल्या तुळयांवरच्या लाकडी जमिनींसाठी जन्मले. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधला काँक्रीटचा स्लॅब पावलांनी तसा हिंदकळत नाही. जुन्या वाड्याच्या माडीवर मात्र भिंतीत पक्की ठोकलेली फळी टर्नटेबलला कुठल्याही महाग रॅकपेक्षा बरी.

शंका असेल त्याने सुई थांबलेल्या तबकडीवर टेकवावी, आवाज बेताचा ठेवावा आणि फळीवर बोटाच्या पेराने हलकेच ठोकावं. स्पीकरमधून ‘ठप्’ आलं तर रॅककडे लक्ष द्यायला जागा आहे. मग तेच सीडी प्लेयर थांबवून, त्याच्या फळीवर ठोकून पाहावं.