तक्त्यातील आकडे आणि संख्याशास्त्र

दुकानाची किर्द लिहिणारा दिवाणजी आणि पिकांची पाहणी करणारा संख्याशास्त्रज्ञ हे दोघेही आकड्यांतच वावरतात. परंतु आकड्यांकडून दोघांची अपेक्षा एक नसते. जमा आणि खर्च ह्यांचा मेळ बसला की दिवाणजीचे काम संपते. संख्याशास्त्रज्ञाचे काम मेळ बसल्यावर सुरू होते. हाती आलेले आकडे कोणाविषयी आहेत, त्यांतून कोण निसटले आहे, थोडक्यांवरून सर्वांविषयी किती भरवशाने बोलता येईल, हे त्याला शोधावयाचे असते. आज आपल्या कचेऱ्यांतून, महाविद्यालयांतून आणि सहकारी संस्थांतून ह्या दोन्ही कामांसाठी पुष्कळदा एकच साधन हाती घेतले जाते. ते साधन म्हणजे संगणकावरील स्प्रेडशीट; किंवा त्या जातीच्या सर्वच साधनांना बोलण्यात जे नाव पडले आहे ते घ्यावयाचे तर, एक्सेल. ह्या साधनाची धाव कोठपर्यंत आहे, ह्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

त्याचा जन्म हिशेबासाठीच झाला. १९७८ साली हार्वर्डच्या व्यवसायशिक्षण संस्थेत डॅन ब्रिकलिन हे विद्यार्थी होते. तेथे फळ्यावर मांडलेल्या तक्त्यात एक आकडा चुकला, की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हे काम यंत्राने आपोआप करावे, ह्या कल्पनेतून ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन ह्यांनी १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क हा कार्यक्रम तयार केला. पुढे १९८३ मध्ये लोटस १-२-३ आणि १९८५ मध्ये एक्सेल आले. एक आकडा बदलावा आणि क्षणात सारा तक्ता बदलावा, ही सोय खरोखरच अपूर्व होती. अंदाजपत्रक करणाऱ्यास ह्याहून अधिक काय हवे?

परंतु ह्याच सोयीच्या पोटात अडचणीचे बीज आहे. तक्त्याच्या चौकटीत डोळ्यांना दिसतो तो आकडा; तो आकडा ज्या सूत्राने आला ते सूत्र त्याच्या मागे दडलेले असते. शंभर चौकटींत शंभर सूत्रे असली तरी पाहणाऱ्यास शंभर आकडेच दिसतात. शिवाय मूळ नोंद, तिच्यावर केलेली दुरुस्ती आणि अखेरचे उत्तर ही तिन्ही एकाच कागदावर शेजारीशेजारी नांदतात. कोणी चुकून एखाद्या सूत्रावर साधा आकडा टंकलिखित केला, तर तक्ता तक्रार करीत नाही.

ह्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अर्थशास्त्रातील आहे. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ ह्या दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली एक निबंध प्रसिद्ध केला. वीस प्रगत देशांची १९४६ ते २००९ ह्या काळातील माहिती घेऊन त्यांनी असे दाखविले की, सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांच्या वर गेले की विकासाची सरासरी गती शून्याच्याही खाली, म्हणजे उणे ०.१ टक्क्यावर येते. युरोपात आणि अमेरिकेत त्या वेळी सरकारी खर्चाला कात्री लावण्याचा वाद पेटला होता. निवृत्तिवेतने, दवाखाने, शिक्षकांच्या नेमणुका अशा गोष्टी त्या वादात पणाला लागल्या होत्या, आणि कात्रीच्या बाजूचे लोक ह्या निबंधाचा हवाला वारंवार देत होते.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकणाऱ्या थॉमस हर्नडन ह्या विद्यार्थ्याने ती उत्तरे स्वतः काढून पाहिली, तेव्हा ती जुळेनात. त्याने मूळ लेखकांकडे त्यांचा तक्ता मागितला आणि त्यांनी तो दिला. हा त्यांचा उमदेपणा नोंदविला पाहिजे. तक्ता उघडल्यावर दिसले ते असे: सरासरी घ्यावयाची होती ३० ते ४९ ह्या ओळींची, आणि सूत्रात लिहिले होते ३० ते ४४. त्यामुळे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश हिशेबातून गळाले होते. हर्नडन आणि त्याचे दोन प्राध्यापक, मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन, ह्यांनी २०१३ मध्ये काढलेली सुधारलेली सरासरी अधिक २.२ टक्के इतकी होती.

येथे थोडे थांबावयास हवे. ही गोष्ट सांगणारे बहुतेक लोक सारा दोष त्या पाच ओळींवर टाकतात, आणि ते बरोबर नाही. सुटलेल्या ओळींमुळे पडलेला फरक लहानच होता. मोठा फरक पडला तो दुसऱ्याच कारणांनी. काही देशांची काही वर्षे हिशेबात धरलेलीच नव्हती. शिवाय ब्रिटनची एकोणीस वर्षे आणि न्यूझीलंडचे १९५१ हे एकच वाईट वर्ष ह्यांना सारखेच वजन दिले होते. हा निवडीचा आणि वजनाचा प्रश्न आहे. तो संख्याशास्त्राचा प्रश्न आहे. लेखकांनी ओळींची चूक मान्य केली. परंतु वजनाविषयीची टीका मात्र त्यांनी मान्य केली नाही, आणि त्यावर वाद होऊ शकतो. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, असे निर्णय तक्त्यात कोठेही उघड लिहिलेले नसतात. ते एखाद्या कोऱ्या चौकटीत किंवा सूत्राच्या दोन टोकांत मुरून जातात. गणिताच्या आज्ञा क्रमाने लिहिलेल्या असत्या, तर अमुक वर्षे वगळली, अमुक वजन दिले, हे वाचणाऱ्यास ओळीओळीने तपासता आले असते.

दुसरी अडचण तक्त्याच्या आगाऊपणाची. हे साधन मदतीच्या भरात आपण लिहिलेले बदलून टाकते. मुंबईचा दूरध्वनी संकेत ०२२ असा लिहावा, तर ते २२ करून ठेवते. बँकेच्या कार्डाचा सोळा अंकी क्रमांक संख्या म्हणून लिहिला, तर शेवटच्या अंकाच्या जागी शून्य येते, कारण पंधरा अंकांपलीकडचे ते जपून ठेवीत नाही. जीवशास्त्रात तर ह्याने मोठाच गोंधळ घातला. मानवी जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावे ‘सेप्ट’ आणि ‘मार्च’ अशी असून त्यांपुढे क्रमांक होता. एक्सेलने त्यांना सप्टेंबर आणि मार्च महिन्यांतील तारखा मानले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत असे आढळले की, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडणाऱ्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांशांत ही चूक शिरली होती. अखेर २०२० मध्ये जनुकांची नावे ठरविणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली! हे रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली ती त्यानंतर, २०२३ साली. (तारखांवरून आठवले: एक्सेलच्या पंचांगात २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आहे. असा दिवस कधी उगवलाच नाही. लोटसमधील ही चूक, जुने तक्ते जुळावेत म्हणून, जाणूनबुजून पुढे चालविली गेली.)

तिसरी गोष्ट जागेची. जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलीत ६५,५३६ ओळी मावत. २००७ पासून १०,४८,५७६ मावतात. करोनाच्या साथीत, २०२० च्या शरद ऋतूत, इंग्लंडच्या आरोग्य खात्यात प्रयोगशाळांचे अहवाल जुन्या पद्धतीच्या फाइलीत भरले जात होते. एका रुग्णाला अनेक ओळी लागत, ओळी संपल्या, आणि पुढील नावे गळत राहिली. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर ह्या काळातील १५,८४१ रुग्ण रोजच्या मोजणीतून राहून गेले. त्या रुग्णांना स्वतःचा अहवाल मिळाला होता; परंतु त्यांच्या सहवासात आलेल्यांचा शोध घेणाऱ्या यंत्रणेकडे त्यांची नावे वेळेवर पोहोचली नाहीत. साथीत असा एकेक दिवस मोलाचा असतो.

आता थोडे गणित पाहू. समजा, आपल्याजवळ तीन संख्या आहेत: १०,००,००,००१, १०,००,००,००२ आणि १०,००,००,००३. त्यांच्यातील पसारा किती, हे लहान मुलासही सांगता येईल. सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज २ आहे. परंतु हीच बेरीज काढण्याचे दुसरे एक सूत्र पुस्तकांत असते: संख्यांच्या वर्गांची बेरीज घ्यावी आणि तीतून सरासरीच्या वर्गाची तिप्पट वजा करावी. कागदावर दोन्ही सूत्रे एकच. येथे पहिली रक्कम ३००००००१२००००००१४ आणि दुसरी ३००००००१२००००००१२ अशी सतरा अंकी येते. दोघींतील फरक केवळ अखेरच्या अंकांत असतो. पंधरा-सोळा अंकांपुढे जे यंत्र पाहू शकत नाही, त्याला हा २ दिसावा कसा? एक्सेलच्या २००३ पूर्वीच्या आवृत्त्या हेच दुसरे सूत्र वापरीत असत, आणि संख्याशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकापासून त्यावर टीका केली होती. पुढे ही उणीव दूर झाली, हे सांगणे न्यायाचे आहे. आजच्या एक्सेलवर केवळ जुन्या अंकगणितासाठी कोणी दोष ठेवू नये.

आजची खरी उणीव निराळी आहे, आणि ती आपल्या देशातील पाहण्यांच्या संदर्भात स्पष्ट दिसते. प्रशांतचंद्र महालनोबीस ह्यांच्या प्रेरणेने १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. २०२२-२३ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत २,६१,७४६ कुटुंबांना प्रश्न विचारले गेले. ह्यांतील प्रत्येक कुटुंब आपल्यासारख्या अनेक कुटुंबांच्या वतीने बोलत असते. किती कुटुंबांच्या, ते त्याच्या नोंदीबरोबर दिलेल्या गुणकावरून कळते. कल्पना करा, एका गावात १०० कुटुंबे आहेत आणि एका शहरात १०००. दोन्हीकडे दहा-दहा कुटुंबे विचारली. गावातील सरासरी खर्च ४,००० रुपये आणि शहरातील ७,००० रुपये निघाला. तक्त्यातील वीस ओळींची सरसकट सरासरी ५,५०० येईल. परंतु शहरातील एक कुटुंब शंभरांचे आणि गावातील एक कुटुंब दहांचे प्रतिनिधी आहे, हे ध्यानी घेतले तर खरी सरासरी सुमारे ६,७२७ रुपये होते. गुणाकार करून हे तक्त्यातही साधता येईल. मात्र ह्या सरासरीत मागेपुढे किती चूक असू शकेल, हे काढण्यासाठी आधी कोणते गट पाडले, कोणती गावे निवडली, त्यांतून कोणती घरे घेतली, ही सारी रचना हिशेबात घ्यावी लागते. त्यासाठी एक्सेलमध्ये तयार सूत्र नाही. मग अभ्यासक साधे प्रमाण विचलन घेऊन त्यावर भागवितो, आणि त्याचा निष्कर्ष आहे त्याहून पक्का दिसू लागतो.

अर्थात सारी पापे यंत्राच्या माथी मारू नयेत. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले की, पीककापणीसाठी फार लहान तुकडा आखला तर कडेवरची रोपे आत घेतली जातात आणि उत्पन्न फुगून दिसते. ही चूक शेतातच होते. कोणतेही साधन ती नंतर ओळखू शकत नाही. तसेच जेथे माहिती मिळालीच नाही तेथे शून्य लिहिण्याची सवय. कोरी चौकट सरासरी काढताना वगळली जाते, शून्य मात्र मोजले जाते. आणि अक्षरे म्हणून नोंदविलेला आकडा बेरजेतून मुकाट्याने सुटतो.

मग विद्यार्थ्याने काय वापरावे? ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन ह्यांनी १९९० च्या दशकात रचलेली ‘आर’ ही आज्ञावली विनामूल्य मिळते, आणि नमुना पाहण्यांच्या गणितासाठी तिला जोडून घेण्याची साधनेही मिळतात. ती शिकावयास काही आठवडे लागतात, ह्यात शंका नाही. तोवर माहिती भरण्यासाठी, ती डोळ्यांखालून घालण्यासाठी आणि लहानसहान बेरजांसाठी तक्ता अवश्य वापरावा. मात्र मूळ फाइलीची एक प्रत हात न लावता बाजूस ठेवावी, दूरध्वनी आणि खाते क्रमांकांचे रकाने भरण्यापूर्वीच अक्षरांचे म्हणून ठरवून घ्यावेत, आणि सरासरी काढण्यापूर्वी किती नोंदी आल्या व सूत्राने किती मोजल्या हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहून पाहावेत. त्या अर्थशास्त्रीय तक्त्यात हे दोन आकडे वीस आणि पंधरा असे दिसले असते.