सोडणाऱ्यांची सोबत

सिगारेट सोडायचं ठरवणारा माणूस बहुधा ते कुणाला सांगत नाही. सांगितलं आणि जमलं नाही तर हसं होईल, ही भीती असते. मग तो मनातल्या मनात एखादा सोमवार धरतो, नाहीतर एक जानेवारी, नाहीतर स्वतःचा वाढदिवस. पाकीट फेकतो, दोन-तीन दिवस कसेबसे काढतो, आणि चौथ्या दिवशी ऑफिसखालच्या टपरीवर कुणीतरी सवयीने पुढे केलेली सिगारेट घेतो. सोडल्याचं कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे पुन्हा धरल्याचंही कुणाला कळत नाही.

सोडावं असं वाटणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १० कोटी प्रौढ विडी-सिगारेट ओढत होते आणि त्यांतल्या ३८.५ टक्के लोकांनी आधीच्या वर्षभरात एकदा तरी सोडण्याचा प्रयत्न केला होता. बहुतेकांनी तो एकट्याने केला. ना औषध, ना समुपदेशन, ना कुणाची साथ. अशा एकट्या प्रयत्नांचं पुढे काय होतं, हे जगभरच्या अभ्यासांतून बऱ्यापैकी स्पष्ट झालं आहे. सहा महिने ते वर्षभर टिकून राहणारे शंभरात तीन ते पाच. उरलेल्यांना घरचे म्हणतात, ‘तुझ्यात इच्छाशक्तीच नाही.’ हळूहळू त्यांनाही ते पटू लागतं.

हा आरोप अन्यायाचा आहे. झुरक्यातलं निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचतं आणि साधारण दोन तासांत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. दिवसभर तलफ येत राहते ती त्यामुळे. सोडल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होते, झोप उडते, लक्ष लागत नाही, सारखी भूक लागते. तीन-चार आठवड्यांत हा त्रास बराच ओसरतो. पण शरीराच्या या ओढीच्या जोडीला आणखी एक गोष्ट असते. जेवणानंतरची सिगारेट एका मित्राबरोबरची असते, दुपारची चहाबरोबरची असते, संध्याकाळची स्टेशनबाहेरच्या घोळक्यातली असते. ऑफिसातल्या कितीतरी मैत्र्या त्या पाच मिनिटांत जुळलेल्या असतात. सोडणाऱ्याचं निकोटिन जातं आणि त्याच दिवशी ही माणसंही जातात. नेमक्या कठीण आठवड्यात तो एकटा पडतो. त्या रिकाम्या जागी कोण येणार, हा प्रश्न औषधाइतकाच महत्त्वाचा आहे.

दक्षिण लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये हा प्रश्न फार गांभीर्याने घेतला गेला. निकोटिनच्या व्यसनावर मूलभूत काम करणारे मायकेल रसेल आणि त्यांचे सहकारी पीटर हायेक यांनी तिथे गटाने सिगारेट सोडण्याची पद्धत घडवली आणि पुढे ब्रिटनच्या सरकारी सेवेने ती बऱ्याच अंशी उचलली. पद्धत दिसायला साधी आहे. अनोळखी लोकांचा एक गट आठवड्यातून एकदा भेटतो. आधी तयारीच्या एक-दोन बैठका, मग सगळ्यांची सोडण्याची तारीख एकच, आणि त्यानंतर किमान चार आठवडे दर आठवड्याला भेट. ठरलेल्या दिवसानंतर एक झुरकासुद्धा नाही.

प्रत्येक बैठकीत एका छोट्या यंत्रात फुंकर मारायची असते. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड त्यात मोजला जातो. सिगारेट थांबली की हा आकडा एक-दोन दिवसांत झपाट्याने उतरतो, आणि दहाच्या खाली आला की ‘ओढत नाही’ अशी नोंद होते. फुप्फुसाचा फायदा दिसायला वर्षं लागतात, हा आकडा मात्र आठवड्यात दिसतो, तोही सगळ्यांसमक्ष. खोटं बोलायची सोय राहत नाही आणि खरं बोलणाऱ्याला लगेच शाबासकी मिळते.

हायेक यांच्या पद्धतीतला खरा बारकावा वेगळाच आहे. गट चालवणारा तज्ज्ञ मुद्दाम कमी बोलतो. सुरुवातीला तो औषधं समजावून सांगतो, शंका फेडतो, आणि नंतर बोलणं लोकांवर सोपवतो. कुणी सांगतं की बायकोशी कडाक्याचं भांडण झालं तरी ओढली नाही. कुणी सांगतं की रात्री तीनला उठून कपाटं धुंडाळली. दोघादोघांच्या जोड्या लावून एकमेकांना रोज फोन करण्याचा शब्दही घेतला जातो. पुढच्या आठवड्यात याच लोकांसमोर बसायचं आहे, ही जाणीव मंगळवारच्या संध्याकाळी हात आवरते. डॉक्टरांना दिलेला शब्द मोडणं एकवेळ सोपं वाटतं, पण आपल्यासारखंच तळमळणाऱ्या माणसाला दिलेला शब्द सहज मोडवत नाही.

सोबतीचा दुसरा उपयोग माहितीचा आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. सिगारेट सोडल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत कित्येकांना तोंड येतं. हायेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाहणीत पाचांतल्या सुमारे दोघांना हा त्रास झाला होता. काहींना बद्धकोष्ठता होते. एकट्याने सोडणारा माणूस घाबरतो. ‘ओढत होतो तेव्हा ठणठणीत होतो, सोडली आणि फोड आले’ असं म्हणून तो पुन्हा पाकीट उघडतो. गटात मात्र शेजारचा सहज म्हणतो, ‘मलाही आले होते, गेले.’ चार शब्दांत भीती संपते. हेच वाक्य डॉक्टर म्हणाले तर ती माहिती होते. ज्याच्या तोंडात गेल्या आठवड्यापर्यंत फोड होते तो म्हणाला की धीर येतो.

या पद्धतीचं मोजमाप ग्लासगोमध्ये झालं. स्कॉटलंडच्या या कामगारवस्तीच्या शहरात तंबाखूने फार माणसं खाल्ली आहेत. तिथे दोन सेवा एकाच वेळी चालू होत्या. एकीत लोक औषधाच्या दुकानात जाऊन एकेकट्याने निकोटिनचे पॅच आणि सल्ला घेत, दुसरीत वस्तीतल्या गटांत येत. लिंडा बॉल्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दोन्हींची तुलना प्रसिद्ध केली. चार आठवड्यांनी श्वासाच्या चाचणीत उतरलेले लोक दुकानांच्या सेवेत १८.६ टक्के होते, गटांत ३५.५ टक्के. वर्षभरानंतर मात्र दोन्ही आकडे घसरले. गटांतले सुमारे सहा टक्के टिकले, दुकानांतले तीन टक्क्यांच्या आसपास. गटात येणारे मुळातच जास्त निर्धाराचे असू शकतात, हे ध्यानात घ्यायला हवं. तरीही वर्षभराच्या घसरणीतून एक गोष्ट ठळक दिसते. गटांची सात आठवड्यांची साथ सात आठवड्यांनी संपली, आणि त्यानंतर माणसं पुन्हा जुन्या मित्रांत एकटी गेली.

ते जुने मित्रही सोडत असतील तर? याचं उत्तर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रॅमिंगहॅम या गावाने दिलं. तिथे १९४८ पासून लोकांच्या हृदयाचा अभ्यास चालू आहे. पुढे गाठ पडावी म्हणून संशोधक प्रत्येकाकडून नातेवाइकांची आणि जवळच्या मित्रांची नावं लिहून घेत. ते कागद अनेक दशकं पडून होते. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी त्यांतून १२,०६७ माणसांच्या नात्यागोत्याचा आणि मैत्रीचा नकाशा उभा केला आणि १९७१ ते २००३ या काळात कोणी कधी सिगारेट सोडली हे त्यावर मांडलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की माणसं एकेकटी सोडत नव्हती, अख्खे घोळके एकदम सोडत होते. नवरा-बायकोतल्या एकाने सोडली की दुसऱ्याची ओढण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटे, मित्राने सोडली की ३६ टक्क्यांनी, भावंडाने सोडली की २५ टक्क्यांनी, आणि छोट्या कचेरीतल्या सहकाऱ्याने सोडली की ३४ टक्क्यांनी. मित्र मुळातच एकसारखे असतात, त्यामुळे यातलं किती प्रभावाचं आणि किती सारखेपणाचं यावर संख्याशास्त्रज्ञांनी नंतर वाद घातला. घोळके एकत्र सुटले, ही गोष्ट मात्र नकाशावर स्पष्ट आहे. भावंडापेक्षा छोट्या कचेरीतला सहकारी वरचढ ठरावा, हे टपरीवर रोज उभं राहणाऱ्या कुणालाही पटेल.

मग घरच्या माणसांनी काय करावं? इथे संशोधन थोडं कटू बोलतं. जोडीदाराला ‘साथ कशी द्यावी’ हे शिकवून काय साधतं, याचे अनेक प्रयोग झाले, आणि त्यांच्या एकत्रित आढाव्यात दीर्घकाळ टिकणारा ठोस फायदा दिसला नाही. शेल्डन कोहेन आणि एडवर्ड लिख्टेनस्टाइन यांनी १९९० मध्येच दाखवलं होतं की फरक पडतो तो कौतुक आणि टोचणी यांच्या प्रमाणाने. ‘किती दिवस झाले, छान चाललंय’ एकीकडे, आणि ‘शर्टाला वास येतोय, ओढलीस ना?’ दुसरीकडे. टोमणे वरचढ झाले की माणूस सिगारेट सोडण्याऐवजी लपवायला लागतो. बडीशेप चघळतो, गाडीतून उतरून दहा मिनिटं वाऱ्यावर उभा राहतो. आई, बायको, मुलगी यांची काळजी खरीच असते. पण त्या काठावर उभ्या असतात, आणि पाण्यात असलेल्याला शेजारी पोहणारा हवा असतो.

लंडनमध्येच रॉबर्ट वेस्ट आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे पडताळून पाहिलं. दवाखान्यात सिगारेट सोडायला आलेल्यांपैकी काहींची त्याच दिवशी सोडणाऱ्या दुसऱ्या रुग्णाशी जोडी लावली, बाकीच्यांना एकट्याने जाऊ दिलं. उपचार संपताना जोडीवाल्यांतले २७ टक्के टिकून होते, एकट्यांतले १२ टक्के. पुढे २००६ मध्ये हाच प्रयोग आधीच गटात असलेल्या लोकांवर केला, तेव्हा जोडीने विशेष भर पडली नाही. सोबत एकदा मिळाली की तिच्यावर आणखी सोबत चढवून फार काही वाढत नाही, असाच त्याचा अर्थ लावता येतो.

व्यसनमुक्तीसाठी एकमेकांना धरून उभं राहण्याची कल्पना जुनी आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांनी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस सुरू केली. दारू सुटलेल्याने दारू सोडणाऱ्याचा हात धरायचा, हा तिचा गाभा. तंबाखूला मात्र त्या काळी व्यसन मानलं जात नव्हतं आणि या बैठका धुरातच चालत. लाखोंची दारू सोडवणारे विल्सन स्वतः सिगारेट ओढत राहिले आणि १९७१ मध्ये फुप्फुसाच्या आजाराने गेले. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात दारूतून बाहेर आलेल्या काही जणांनी हीच पद्धत सिगारेटला लावली, आणि त्यातून निकोटिन अॅनॉनिमस उभी राहिली.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये व्यसनातून बाहेर आलेलेच अनेकदा पुढच्यांचे सल्लागार होतात, आणि व्यसनींच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून चाललेलं ‘मुक्तिपथ’ तर दारू आणि तंबाखू दोन्हींचा प्रश्न गावाच्या बैठकीत आणतं. आपल्याकडे ते गरजेचंही आहे. २०१६-१७ च्या त्याच सर्वेक्षणात राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर तंबाखू, खर्रा, मिश्री वापरणारे २४.४ टक्के होते. सिगारेट सोडून पुडी धरणं हे सोडणं नव्हे, आणि हे तोंडावर सांगायलाही शेजारी कुणी लागतं.

बायकांची अडचण आणखी वेगळी. त्याच सर्वेक्षणानुसार देशात २ टक्के स्त्रिया धूम्रपान करत होत्या. ओढतात हेच लपवावं लागतं, तर सोडण्यासाठी मदत मागणार कुणाकडे? त्यांच्यासाठी फोन हा सर्वांत मोकळा मार्ग आहे. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन २०१६ मध्ये दिल्लीत सुरू झाली, आणि मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही तिचं केंद्र आहे. फोन मोफत आहे. सल्लागार सोडण्याची तारीख ठरवायला मदत करतो आणि पुढे स्वतः फोन करून विचारपूस करतो. १ सप्टेंबर २०१८ पासून हा नंबर सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो. निकोटिनचा च्युइंगगम आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळणाऱ्या गोळ्या यांची जोड दिली तर यशाची शक्यता आणखी वाढते. औषध घेणं हा कमीपणा मानण्याचं काहीच कारण नाही.

गट नसेल तर दोघे पुरतात. इंग्लंडमध्ये २०१२ पासून ऑक्टोबरमध्ये ‘स्टॉपटोबर’ नावाने अख्खा देश २८ दिवसांसाठी एकत्र सिगारेट सोडतो. पहिल्याच वर्षी त्यामुळे सुमारे साडेतीन लाख जादा लोकांनी प्रयत्न केल्याचा अंदाज आहे. टपरीवरच्या दोघांनी एक तारीख धरली तरी तेच घडतं. मात्र तारीख निवडताना जवळच्या मित्राची हळद किंवा विसर्जन मिरवणूक त्या आठवड्यात नाही ना, हे बघावं. दुपारचा चहा सोडू नये, त्याची जागा बदलावी. तलफ बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते, तेवढ्या वेळात फोन करायचा आणि समोरच्याने तो उचलायचा, एवढा करार पुरे. एखाद्याने मध्येच ओढली तर दुसऱ्याने रागावू नये. ‘उद्या भेटू’ म्हणावं आणि खरंच भेटावं, कारण एका सिगारेटची पाकिटं होतात ती बहुतेकदा लाजेने भेटणं टाळल्यावर. आणि घोळक्यातल्या ज्याला अजून सोडायची नाही, त्यानेही महिनाभर एक करावं. समोरच्याने मागितली तरी देऊ नये.