पतंगाच्या मिशांमधली दारे

रात्रीच्या अंधारात कपाशीच्या शेतात गुलाबी बोंडअळीचा नर पतंग मादीला शोधतो तो डोळ्यांनी नव्हे, तर डोक्यावरच्या दोन शृंगिकांनी, म्हणजे मिशांनी. मादीने हवेत सोडलेला कामगंध अत्यल्प असतो. तरीही नर वाऱ्याच्या उलट दिशेने माग काढत तिच्यापर्यंत पोहोचतो.

शृंगिकांवर सूक्ष्म केस असतात आणि त्या केसांना असंख्य छिद्रे. गंधाचा रेणू छिद्रातून आत शिरतो आणि आतल्या द्रवातील प्रथिने त्याला चेतापेशीपर्यंत नेतात. पेशीच्या आवरणात प्रथिनांचीच दारे असतात. त्यांना आयन वाहिन्या म्हणतात. योग्य रेणू चिकटला की दार उघडते, धनभारित आयन आत घुसतात आणि विद्युतसंदेश मेंदूकडे निघतो.

माणसाच्या नाकात गंध ओळखणारे प्रथिन वेगळे आणि आयनांची वाहिनी वेगळी. दोहोंमध्ये रासायनिक निरोपांची साखळी असते. कीटकांत मात्र गंध ओळखणारे प्रथिन हाच दाराचा भाग असतो, हे २००८ मध्ये दोन संशोधन गटांनी दाखवले. दाराचा दुसरा भाग म्हणजे ‘ओर्को’ हे प्रथिन. ते बहुतेक कीटकांत जवळपास सारखेच असते. पहिला भाग गंधागणिक बदलतो. कपाशीची पाने खाणाऱ्या आफ्रिकेतील एका अळीच्या पतंगांत ओर्कोचे जनुक निकामी करताच त्यांच्या शृंगिका कामगंधाला प्रतिसादच देईनात.

या दारांचे महत्त्व शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहते. तिथे फवारा पोहोचत नाही. दोन जनुकांच्या बीटी वाणांनाही ती आता दाद देत नाही. फवारणी वाढवावी, तर धोका माणसाला: २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले.

म्हणून कामगंध सापळे उपयोगी ठरतात. त्यातील ल्यूरमध्ये दोन जुळ्यासारख्या रेणूंचे साधारण समप्रमाणात मिश्रण असते. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ पतंग सापडले, तर उपाय करण्याची वेळ आली असे समजतात. त्यामुळे विनाकारण फवारणी टळते.

दुसरा उपाय म्हणजे शेतभर कामगंध दरवळत ठेवणे. चोहीकडे तोच गंध असल्याने नर गोंधळतो, मीलन टळते. अमेरिकेने बीटी कापूस, नपुंसक केलेले पतंग आणि हा गंध यांची सांगड घालून ही कीड कापूस पट्ट्यातून संपवल्याचे २०१८ मध्ये जाहीर केले.

एकट्याच्या शेतात मात्र हा उपाय तोकडा पडतो. शेजारच्या शेतात मीलन झालेली मादी उडत येते आणि अंडी घालते. त्यामुळे सगळा शिवार एकत्र आला, तरच त्याचा खरा उपयोग होतो.